कडूकंदाच्या दोन पुड्या

१४ नोव्हेंबर ९९, रविवार. जव्हार

काल चोरी केली. वय एकतीस, नोकरी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्याची, आणि चोरी कशाची, तर उन्हात वाळत घातलेल्या कंदाच्या कापांची.

दादांबरोबर खोडाळ्याला गेले होते. तिथून पुढे पाड्यावर भिमाआत्याकडे. सख्खी आत्या नव्हे, दादांची लहानपणची शेजारीण. माझ्या वडिलांना, निवृत्त हेडमास्तर काशिनाथरावांना, ‘काशा’ म्हणणारं आता हे एकच माणूस उरलंय. अंगणात सुपात कडूकंदाचे, म्हणजे डोंगरातल्या एका रानवेलाच्या कंदाचे, काप होते. मी वाकून बघायला लागले तर दादा म्हणाले, “चल आत. आपल्यात कुणी खात नाही ते. कडूजहर असतं.”

कडूजहर म्हटल्यावर माझे कान टवकारले. पीएच.डी.साठी, हिवतापावर काही सापडतं का म्हणून, आजवर नऊ कडू झाडं तपासून झाली, नऊच्या नऊ फुकट. आत्या चहाला आत वळली तशी मूठभर काप रुमालात बांधले. मागितले असते तर तिने सूपच दिलं असतं. पण दादांसमोर मागायचा संकोच वाटला. का, ते नीट सांगता येत नाही. दादांना अजून सांगितलेलं नाही.

७ डिसेंबर, मंगळवार

पिवळं आलं नाही!!

चारनंतर कॉलेजची लॅब रिकामी, मी आणि रंग मोजायचा जुना कलरीमीटर. एका नळीत नुसतं पपेन (पपईच्या चिकातलं प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कातरणारं एन्झाइम) आणि त्याचं खाद्य. माझ्या गाईड सरांनी मुंबईहून पाठवलेलं हे खाद्य कातरलं गेलं की नळी पिवळी होते. झाली, हळदीच्या पाण्यासारखी. दुसऱ्या नळीत तेच सगळं, अधिक चोरीच्या कापांचा अर्क. ती तशीच. पंधरा मिनिटं, अर्धा तास. पाण्यासारखी बिनरंगी.

खाद्य दुप्पट केलं. चौपट केलं. तरी पिवळं नाही.

घरी येताना एकटीच हसत होते. समोरून प्राचार्य आले, त्यांना वाटलं त्यांना बघून हसले. तेही हसले. सगळा दिवसच चांगला.

११ डिसेंबर, शनिवार

STD बूथवर पाऊण तास रांग. सरांना सगळं सांगितलं. चौपट खाद्यापाशी मला थांबवलं. मग म्हणाले, “बाई, शांतपणे ऐका.”

ऐकलं. हिवतापाचा जंतू आपल्या रक्तातलं प्रथिन कातरून खातो. त्याची कातर पपेनच्याच भावकीतली, म्हणून आम्ही पपेनवर हात बसवतोय. ती कातर थांबवायला बहुतेक जण पात्यांमध्येच काहीतरी अडकवतात. त्यात दोन अडचणी. खाद्य वाढलं की अडकवलेलं बाहेर ढकललं जातं. आणि आपल्या शरीरातल्या कातऱ्यांची पातीही तशीच, मग त्याही अडतात. पण एखादी वस्तू पात्यांना हात न लावता दुसरीकडेच कुठेतरी बसली आणि तिथून तिने कातरीचा आकारच बिघडवला तर? अ‍ॅलोस्टेरिक. मग खाद्य कितीही घाला, उपयोग नाही. आणि ती बसायची जागा आपल्या शरीरातल्या कातऱ्यांना नसली, तर त्या सुखरूप.

“तुमचं तसं असू शकेल,” सर म्हणाले. “पण एकदा आलेला निकाल म्हणजे निकाल नव्हे. पुन्हा आणा.”

दुसऱ्या एका शहरातल्या लॅबमध्ये त्यांचे मित्र आहेत. कशाला काय आणि कुठे चिकटतं हे बघायची यंत्रं तिथे आहेत. फेब्रुवारीअखेर नमुना पोचला तर आमचा नंबर लागेल. प्रबंध द्यायची माझी मुदत जूनपर्यंत, आणि वाढवून मिळायची ती एकदा मिळून गेली. नाहीतर हे प्रकरण गाळायचं आणि नऊ फुकट झाडांचा प्रबंध बांधायचा.

एवढ्या मोठ्या माणसाने शनिवारची दुपार माझ्यावर घालवली. चार वर्षं घालवतोय. देवाने मला गाईड चांगला दिला, एवढं तरी लिहूनच ठेवते.

१९ डिसेंबर, रविवार

दादा सोमवारपासून खोडाळ्याला होते, साखरपुड्याच्या निमित्ताने. जाताना घाईत म्हटलं, “भिमाआत्याकडून सरांसाठी थोडे कडूकंद आणाल का?” मला वाटलं नाक मुरडतील. एक क्षण माझ्याकडे बघत राहिले, आणि “बरं,” म्हणाले.

आज संध्याकाळी ते पुडी घेऊन परतले. पळसाच्या पानात बांधलेली. काप या खेपेला पांढरेस्वच्छ, एकसारखे. माती नाही, उग्र वास नाही. आत्याचे हात म्हणजे हात. माझ्यासाठी किती निगुतीने केलंय! दादांनीही पुडी सोडून पाहिली, नाकाशी नेली, परत होती तशी बांधून दिली. आज स्वारी भलतीच खुशीत. जेवताना आईच्या आमटीला चक्क चांगली म्हणाले.

३० डिसेंबर, गुरुवार

पिवळं. सगळ्या नळ्या पिवळ्या. अर्क घातलेल्यासुद्धा.

४ जानेवारी २०००

पुन्हा केलं. पुन्हा पिवळं. दुपारी लाईट जाते, कॉलेजचा फ्रीज बंद पडतो, म्हणून पपेन घरी आणून दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवलं. आई म्हणाली, “दही नासलं तर तुझं एन्झाइम जबाबदार.” दही नासलं नाही. एन्झाइमही ठणठणीत, नुसत्या खाद्यावर छान पिवळं देतं. म्हणजे दोष अर्काचाच.

खाद्याची बाटली जवळजवळ संपली.

११ जानेवारी, मंगळवार

सहाव्यांदा केलं. पिवळं. नळी मोरीत आपटली. फुटली. काचा वेचताना बोट कापलं, बरंच झालं.

मला तर वाटतं आत्याने भलताच कंद दिलाय. म्हातारपण, डोळ्यांना दिसत नसेल, वेलही आता वाळलेले, जे हाती लागलं ते उकरून दिलं. यांच्या भरवशावर प्रबंध लिहायला निघाले, मीच मूर्ख. इतकं साधं काम. तेही धड

(१२ जाने.) वरचं वाचून लाज वाटली. खोडत नाही, राहू दे. लाज वाटलेलीही राहू दे.

१५ जानेवारी, शनिवार

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “पहिल्या खेपेत आणि दुसऱ्या खेपेत काय बदललं, ते शोधा. काहीतरी बदललंय. एन्झाइम खोटं बोलत नाही.” खाद्याची नवी बाटली पाठवताहेत. शेवटची, असं त्यांनी म्हटलं नाही, पण मला कळलं.

२६ जानेवारी, बुधवार

झेंडावंदन, भाषणं, लाडू. काही आत शिरलं नाही. रविवारी स्वतः खोडाळ्याला जाणार, एकटी. दादा “मी येतो” म्हणाले, नको म्हटलं. चोरी कबूल करायची तर त्यांच्यासमोर नको.

३० जानेवारी, रविवार

सगळं लिहिते, क्रमाने, नाहीतर निसटेल.

सकाळच्या एस.टी.ने खोडाळा, तिथून पाड्यापर्यंत चालत. आत्या जात्यावर बसली होती. मी उंबऱ्यातच सांगून टाकलं, “आत्या, दिवाळीत तुमच्या सुपातले काप मी चोरून नेले.”

जातं थांबवून तिने माझ्याकडे बघितलं. मग इतकी हसली की ठसका लागला. “अगं बाय! ते कडू नेलंस? खाल्लंस काय?”

म्हटलं, खाल्ले नाहीत, औषधाच्या कामाला घेतले, आणि ते फार गुणाचे निघाले. पण दादांनी आणलेले अजिबात चालले नाहीत. ते कुठले होते?

“येकाच वेलाचं गं. दिवाळीला उकरला, त्याचंच.”

“मग त्यांचं केलंत काय?”

आत्याने सगळं सांगितलं. काशा म्हणाला, सुलूच्या सरांना पाहिजेत. मग तिने घरातले सुके काप काढले. चुलीतली राख घालून दोन वेळा उकळले. टोपलीत भरून, वर दगड ठेवून, वाहत्या ओढ्यात रात्रभर ठेवले. सकाळी खाऊन पाहिला, अजून जरा कडू लागला, म्हणून परत राख, परत ओढा. मग उन्हात वाळवले. थंडीचे दिवस, गुडघे दुखतात, आणि ही बाई दोनदा ओढ्यात उतरली.

“कडू कसा देवाचा पाव्हन्याला?” ती म्हणाली. “आनि तुजे सर. येवढा शिकलेला मानूस. तो काय म्हनंल?”

कच्चा कडूकंद इथे कुणी कुणाच्या हातात ठेवत नाही. घरात राहतो, कडू असेतो घरच्यांचा. दुसऱ्याला द्यायचा तो कडूपणा काढूनच. मला हवा होता फक्त कडूपणा, आणि तोच तिने चार दिवस खपून माझ्यासाठी धुऊन टाकला. मी मात्र ‘भरवसा’ वगैरे लिहून बसले होते. तिला हे वाचता येत नाही याचं आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. रडू आलं. आत्याला वाटलं काप फुकट गेले म्हणून रडते. “परत देन गं, त्यात काय!”

“काशाला ठाव व्हता की सगळा,” मध्येच म्हणाली. “त्यानं नाय सांगला?”

दादांना काय माहीत असणार. नुसतं हं हं म्हणून सोडून दिलं.

मग कुदळ घेऊन डोंगराच्या कडेला. वेल वाळून गेलेला, मला तर नुसती जमीन दिसत होती. आत्या एका पळसापासून पावलं टाकत गेली आणि बरोबर जागेवर थांबली. डोळ्यांना दिसत नसेल म्हणे! उकरलं मी, हात सोलवटले. कंद घरी आणून आत्याने काप केले आणि कच्चेच बांधून दिले. देताना तिचा जीव होत नव्हता. पुडी दोनदा मागे ओढली.

निघताना आणखी एक. ती तुरीची डाळ भरडत होती. जात्याच्या मधल्या खिळीला तिने चिंधी गुंडाळली होती. विचारलं कशाला, तर म्हणाली, चिंधीने वरचा दगड उचलून राहतो. दाणा नुसता फुटतो, पीठ होत नाही. “जाड गुंडाळली तर दाना आख्खाच भायेर पडंल.” मी म्हटलं, आणि वरून मुठी भरभरून दाणे घातले तर? “मग काय? आख्खं पडतील. खीलच उचलली तर तोंडात कितीबी घाल.”

सरांनी फोनवर इतका वेळ सांगितलेलं तिने एका ओळीत सांगितलं. जात्याच्या तोंडाला कुणी हात लावलेला नाही. चिंधी दुसरीकडेच आहे.

३१ जानेवारी

घरी सांगितलं, चोरीसकट सगळं. आई हसली. दादा हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले, मग “हं, असं झालं का,” एवढंच. चोरीचं वाईट वाटलं असावं.

८ फेब्रुवारी, मंगळवार

पिवळं नाही. खाद्य चौपट, तरी नाही. पाचपट, तरी नाही. शेजारच्या नळीत डिसेंबरचे पांढरे काप: पिवळंजर्द.

लॅबमध्ये दोन्ही नळ्या खिडकीत ठेवून कितीतरी वेळ बघत बसले. आत्या, तुम्हाला आत्ता इथे आणून दाखवता आलं असतं तर.

१२ फेब्रुवारी, शनिवार

सरांना फोन. आधी निकाल, मग आत्याचे चार दिवस, मग जातं. जात्याचं त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं.

मग म्हणाले, “बाई, तुमच्या लक्षात येतंय का? तो वाया गेलेला नमुना वाया गेलेला नाही. तोच कंद, तोच वेल, तेच हात, आणि मधून फक्त कडूपणा काढलेला. याहून चांगला कंट्रोल मला पैसे मोजून मिळाला नसता.” सहा प्रयोगांची चिडचिड, फुटलेली नळी, सगळं कंट्रोल, म्हणजे ताडून बघायचा नमुना! दोन महिने आत्याचं देणं माझ्या कपाटात पडून होतं आणि मला दिसलं नाही.

चिंधीवर मात्र त्यांनी विरजण टाकलं. “कडू पदार्थ चिवट असतात. कशालाही जाऊन चिकटतात. चिंधी खिळीलाच आहे, की अख्ख्या जात्यावर राळ ओतली गेलीय, हे आपल्याला इथून कळणार नाही. तिकडच्या यंत्रांना कळेल. दोन्ही प्रकार पाठवा.” पटलं. सर आनंद देतात तोही मोजूनमापून.

२० फेब्रुवारी, रविवार

दादा आपणहून खोडाळ्याला जाऊन, चार दिवस राहून आले. दोन पुड्या आणल्या. एकीला लाल दोरा, एकीला पांढरा. आत्याचा निरोप दादांनी जसाच्या तसा सांगितला: “लाल हाये ते कडू, तुज्या नळीला. पांढरा गोड, सरांना. सरांना सांग, यंदा नीट झालेत.”

नळी आणि सर वेगवेगळे आहेत हे तिला बरोबर कळलंय. पण सरांना नुसतं कडू पाठवणं तिला अजूनही पटलेलं नाही.

२६ फेब्रुवारी, शनिवार

दोन्ही नमुने सरांकडे पोचले आणि पुढे रवानाही झाले. मुदतीच्या तीन दिवस आधी. सर फोनवर म्हणाले, “पांढऱ्या दोऱ्यातले चार काप मी ठेवून घेतले. घरी उकडून मीठ लावून खाल्ले. कंट्रोल खाणारा मी पहिलाच गाईड असेन. त्या बाईंना सांगा, फार चांगले झाले होते.”

बूथमधून बाहेर आल्यावर उगाचच डेपोपर्यंत चालत गेले. खोडाळ्याची गाडी लागली होती. कंडक्टर ओळखीचे. म्हटलं, पाड्यावर कुणी जाणारं भेटलं तर भिमाबाईंना निरोप द्या: सरांनी खाल्ले, आवडले. त्यांनी तिकिटाच्या मागे लिहून घेतलं. माणसं किती चांगली असतात, आणि आपण मोरीत नळ्या आपटत बसतो.

१२ मार्च, रविवार

तिकडच्या लॅबचा कागद अजून आलेला नाही. सर म्हणतात एप्रिल तरी उजाडेल. चिंधी की राळ, माहीत नाही. राळ निघाली तर प्रकरण गेलं. रोज टपालाच्या वेळी फाटकाशी जाते, पोस्टमन आता लांबूनच मान हलवतो.

लिहायचं ते वेगळंच. पांढऱ्या दोऱ्यातले थोडे काप घरी उरले होते. आज आईने उकडले, मीठ, थोडा गूळ. मी खाल्ला, आवडला. दादांपुढे ताटली नेली नाही. आपल्यात कुणी खात नाही ना.

त्यांनीच हात पुढे केला. एक काप घेतला, सावकाश चावला. आणि खाली बघत म्हणाले, “राख जरा कमी पडली. भिमीला पहिल्यापासून घाई.”

आईने हातातला चमचा खाली ठेवला.

मग दादांनी सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. नागली, म्हणजे नाचणी, संपली की त्यांच्या घरात महिना महिना हेच. त्यांची आई संध्याकाळी ओढ्यात टोपली ठेवायची, उजाडताना आणायला दादा आणि भिमा जायचे. शाळेत डब्यात हेच असायचं म्हणून ते डबा उघडायचे नाहीत. मास्तर झाल्यावर घरात नावही काढलं नाही. चाळीस वर्षं.

मी म्हटलं, “म्हणजे डिसेंबरात पुडी सोडून वास घेतलात, तेव्हा तुम्हाला कळलं होतं? कडूपणा काढलेला आहे ते?”

“कळलं होतं.”

“मग मला सांगायचं नाही का, दादा? सहा वेळा केला मी तो प्रयोग!”

चिडलेच होते. दादा ताटलीकडे बघत होते.

“प्रयोगाचं मला कुठे माहीत होतं, सुलू? तू म्हणालीस, सरांसाठी पाहिजेत. मला वाटलं, तू सरांना खायला देणार आहेस. आपल्याकडचं म्हणून.” थांबले. “मला फार बरं वाटलं होतं गं.”

आई उठून आत गेली.

ताटलीत तीन काप उरले होते. ते मी त्यांच्याकडे सरकवले.